तोतलाडोहची वीज, पेंचचं पाणी: गावात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

नागपूर जिल्ह्याच्या पारशिवनी तालुक्यातल्या शाळेत मी बरीच वर्षं विज्ञान शिकवलं. आमचं घर नहरापासून, म्हणजे कालव्यापासून, हाकेच्या अंतरावर. त्यामुळे शाळेत असो, पानठेल्यावर असो की पाणी वापर संस्थेच्या सभेत, पेंच नदीवरच्या तोतलाडोह धरणाबद्दल आणि तिथल्या वीज केंद्राबद्दल लोक मलाच धरतात. तेच ते प्रश्न पुन्हापुन्हा येतात म्हणून एकदाचे लिहून काढले. प्रश्न जसे विचारले गेले तसेच ठेवले आहेत.

पाण्यातली लाइन (वीज) काढून घेतल्यावर पाण्यात कस राहते का जी?

हा पहिला प्रश्न, आणि सगळ्यात जुना. यावर हसणारे शहरात पुष्कळ आहेत. मी हसत नाही, कारण विचारणाऱ्यानं काहीतरी पाहिलेलं असतं.

आधी सरळ उत्तर. पाण्यात वीज भरलेली नसते, त्यामुळे ती 'काढून' घेता येत नाही. धरणात पाणी उंचावर अडवलेलं असतं. ते खाली येताना त्याच्या वजनाचा जोर टर्बाइनच्या पात्यांवर बसतो आणि चाक फिरतं. पाण्यानं दिला तो फक्त जोर. दुसऱ्या बाजूनं बाहेर पडणारं पाणी तेच असतं, त्यातले क्षार तेच, ओलावाही तोच. गच्चीवरच्या टाकीतून नळाला आलेलं पाणी जसं टाकीतल्या पाण्यापेक्षा कमी 'पाणी' नसतं, तसंच हे.

पण म्हातारी माणसं सांगतात की धरण व्हायच्या आधी नदीच्या पाण्यानं जमीन वेगळी पिकायची. त्यातही खोटं नाही. पूर आला की नदी काठच्या वावरात गाळ टाकून जायची, आणि त्या मळईवर वांगी, डांगरं, भाजीपाला जोरात यायचा. धरण झालं आणि हा गाळ धरणातच बसायला लागला. संथ पाण्यात मातीचे कण तळाला जातात आणि नहराला निवळ पाणी येतं. म्हणजे 'कस' गेला हे खरं. फक्त तो टर्बाइननं नेला नाही, भिंतीनं अडवला. वीज केंद्र नसतं आणि नुसतं धरण असतं तरी हेच झालं असतं.

मग वीज होते कशी? थोडक्यात सांगा.

धरणाच्या भिंतीमागचं पाणी मोठ्या नळातून खाली सोडतात. खाली टर्बाइन असतं, त्याच्याच दांड्यावर जनित्र. दांडा फिरला की जनित्रातली चुंबकं तारांच्या वेटोळ्यांत फिरतात आणि वीज तयार होते. दळणाच्या चक्कीत वीज देऊन दांडा फिरवतात, इथं दांडा फिरवून वीज घेतात. एवढाच उलटफेर.

लोकांना धक्का बसतो तो हिशेबाचा. हिशेबापुरतं समजू की पाणी ५० मीटरवरून पडतं आणि यंत्र दहातला नऊ हिस्सा जोर विजेत बदलतं. एक युनिट वीज व्हायला मग साधारण ८,००० लिटर पाणी लागतं. उन्हाळ्यात गावात येतो तो १०,००० लिटरचा टँकर अख्खा टर्बाइनवर ओतला, तर सव्वा युनिटही पुरतं भरत नाही. तुमची पाच एचपीची मोटार आठ तास चालली की तीस युनिटच्या वर जाते. म्हणजे एका कास्तकाराच्या एका पाळीसाठी चोवीस-पंचवीस टँकर पाणी ५० मीटरवरून खाली यावं लागतं.

हा हिशेब मी आठवीच्या वर्गात फळ्यावर करायचो. मागच्या बाकावरचा एक पोरगा एकदा म्हणाला, "सर, मंग एवढं पाणी वावरातच सोडा ना, मोटार कायले पाहिजे?" त्या दिवशी मला पुढचं शिकवावंच लागलं नाही.

हे केंद्र किती मोठं आहे?

प्रत्येकी ८० मेगावॉटची दोन यंत्रं, एकूण १६० मेगावॉट. १९८६-८७ मध्ये ती सुरू झाली. एक मेगावॉटचं यंत्र तासभर पूर्ण जोरात चाललं की एक हजार युनिट होतात. या मापानं दोन्ही यंत्रं चोवीस तास चालली तर अडतीस लाख चाळीस हजार युनिट. पण तशी ती क्वचितच चालतात. कारण पुढे येईल.

मोठं की लहान, हे कशाशी ताडून पाहता त्यावर आहे. सातारा जिल्ह्यातल्या कोयनेची क्षमता १,९६० मेगावॉट. आपल्या जवळच्या कोराडीच्या कोळशाच्या केंद्रात ६६० मेगावॉटचा एकच संच तोतलाडोहच्या चौपट आहे, आणि असे तिथं तीन. तरी विदर्भाच्या सपाट मुलखात पाण्यावर एवढी वीज ही मोठीच गोष्ट. पाण्याला पडायला उंची लागते. ती इथं सातपुड्याच्या पायथ्यानं दिली. भंडारा-गडचिरोलीकडे वैनगंगेत पाणी अफाट, पण उतार मंद. म्हणून तिकडे धरण मोठं झालं तरी वीज त्या मानानं थोडी.

धरण आमच्या उशाशी. मग रात्रीची लाइन आम्हालेच काहून?

या प्रश्नात राग असतो, आणि तो रास्त आहे.

तोतलाडोहची वीज तारेनं थेट पारशिवनीला किंवा रामटेकला येत नाही. ती उच्च दाबाच्या जाळ्यात जाते. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, कोयना, सौर, पवन अशी सगळीकडची वीज त्याच जाळ्यात पडते, आणि तुमच्या गावाजवळचं उपकेंद्र त्या जाळ्यातून घेतं. सगळ्या विहिरींचं पाणी एकाच टाकीत गेलं की नळाला आलेलं पाणी कोणत्या विहिरीचं, हे सांगता येत नाही. तसंच हे.

आकडेही पाहा. तोतलाडोहमध्ये महाराष्ट्राचा वाटा सुमारे ५३ मेगावॉट. दोन्ही यंत्रं भर जोरात असली तर त्या वाट्यावर पाच एचपीच्या साधारण तेरा हजार मोटारी चालतील, वाटेतली गळती सोडून. राज्यात शेतीपंप चाळीस लाखांच्या वर आहेत. उन्हाळ्यात राज्याची मागणी २५ हजार मेगावॉटच्या पुढे जाते. त्या घागरीत आपलं हे चूळभर पाणी.

रात्रीची थ्री फेज हा वितरणाचा प्रश्न आहे. शेतीच्या फीडरला (शेतीपंपांच्या वीजवाहिनीला) काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री अशी पाळी लावतात, कारण दिवसा सगळ्यांना एकदम दिलं तर तारा आणि रोहित्रं झेपत नाहीत. आता शेतीचे फीडर सौर प्रकल्पांवर घेऊन दिवसा वीज द्यायचं काम सुरू आहे, काही गावांत ती मिळायलाही लागली. एका वर्षी कमी दाबामुळे माझीच मोटार जळाली, रात्री दोन वाजता, उन्हाळी धान पोटरीत असताना. अंधारात धुऱ्यावरून चालताना बॅटरीच्या उजेडात साप दिसला तो वेगळाच. त्यामुळे 'तांत्रिक कारण' हे शब्द ऐकले की मलाही चीड येते. पण ती चीड तोतलाडोहच्या टर्बाइनवर काढून उपयोग नाही.

केंद्र मध्य प्रदेशचं की महाराष्ट्राचं?

दोघांचं. पेंच नदी छिंदवाडा जिल्ह्यात सातपुड्यात उगम पावते, सिवनी-छिंदवाड्याच्या सीमेवरून जंगलातून खाली येते आणि नागपूर जिल्ह्यात शिरते. तोतलाडोह अगदी सीमेवर आहे. पाणी बरंचसं तिकडून येतं, धरणाचा फायदा इकडे. म्हणून दोन्ही राज्यांत १९६४ मध्ये करार झाला. विजेत मध्य प्रदेशाला दोन हिस्से आणि महाराष्ट्राला एक. १६० पैकी १०७ आणि ५३ मेगावॉट ते याच हिशेबानं. केंद्र चालवते मध्य प्रदेशची वीजनिर्मिती कंपनी. म्हणून तिथल्या पाट्या आणि कागदपत्रं हिंदीत दिसली तर दचकू नका.

जलाशयाला मेघदूत असंही नाव आहे. रामटेकच्या गडाला कालिदासाचा रामगिरी मानतात, त्यावरून. आमच्याकडे मात्र सगळे तोतलाडोहच म्हणतात. नदीच्या पात्रातल्या खोल डोहाचं नाव धरणाला चिकटलं आणि खुद्द डोह पाण्याखाली गेला.

विजेसाठी पाणी सोडतात म्हणून आमच्या धानाले कमी पडते का?

इथं थोडं थांबून समजून घ्यावं लागेल. सभेत सगळ्यात जास्त आवाज याच मुद्द्यावर चढतो.

तोतलाडोहच्या खाली, नदीवरच, दुसरं धरण आहे: नवेगाव खैरी. कामठी खैरी म्हणूनही ओळखतात. तोतलाडोहच्या टर्बाइनमधून निघालेलं पाणी नदीनं खाली येतं आणि नवेगाव खैरीत पुन्हा अडतं. तिथूनच उजवा आणि डावा नहर निघतो. रामटेक, मौदा आणि पुढे भंडाऱ्याच्या बाजूच्या बांध्यांना जाणारं पाणी हेच. नागपूर शहर पितं ते पाणी मुख्यतः इथलंच. कोराडी आणि खापरखेड्याच्या औष्णिक केंद्रांनाही इथूनच मिळत आलं आहे, जरी कोराडीत आता नागपूरचं प्रक्रिया केलेलं सांडपाणीही वापरतात. म्हणजे पेंचचं काही पाणी दोनदा वीज करतं. एकदा तोतलाडोहात पडून, एकदा कोराडीत यंत्रणा थंड करून.

कोयनेशी ताडून पाहा. कृष्णेच्या खोऱ्यातलं पाणी सह्याद्री ओलांडून कोकणात पाडतात आणि ते समुद्राला मिळतं. वीज भरपूर होते, कारण उंची मोठी. पण ते पाणी कृष्णाकाठच्या उसाला परत मिळत नाही. म्हणून तिथं कृष्णा पाणी तंटा लवादानं पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला ६७.५ टीएमसीची (हे माप पुढे सांगतो) मर्यादा घालून दिली. पेंचवर तसं नाही. इथं विजेनं पाणी खाल्लेलं नाही, वाटेत जकात घेतली आणि पुढे जाऊ दिलं.

मग भांडण कशाचं? वेळेचं. विजेची गरज संध्याकाळी दिवे लागले की चढते, आणि ती बारमाही असते. धानाची गरज वेगळी. रोवणीच्या वेळी पाऊस ओढ देतो तेव्हा पाणी पाहिजे, नाहीतर पऱ्हे (धानाची रोपं) बांधीतच वाळतात. मग निसवताना, म्हणजे लोंबी बाहेर पडताना, पाहिजे. पुढे उन्हाळी धानाला मार्च-एप्रिलमध्ये पाहिजे. विजेवाल्याला आवडेल अशा वेळी पाणी खाली सोडलं आणि नवेगाव खैरी आधीच भरलेली असली, तर ते नदीनं पुढे निघून जाईल. नवेगाव खैरीचा साठा तोतलाडोहच्या मानानं बराच लहान, सगळं झेलता येत नाही. म्हणून पावसाळा सोडून इतर दिवसांत टर्बाइन तेव्हाच चालवणं शहाणपणाचं, जेव्हा खाली नहराला किंवा शहराला पाणी हवंच आहे. १६० मेगावॉट बारा महिने चालत का नाही, त्याचं उत्तर हे. पाणी सिंचनाच्या आणि पिण्याच्या घड्याळावर सुटतं, वीज त्याच्या मागे चालते.

धानाला पाणी कमी पडतं तेव्हा दोष बहुतेक दुसरीकडे सापडतो. नहराचं अस्तर फुटलेलं, वितरिका गवतानं भरलेल्या, वरच्या टोकाचे लोक रात्री गेट उचलून घेतात आणि खालच्या टोकाला धूळ. हे कटू आहे, पण मी स्वतः वरच्या टोकाचा आहे, मला माहीत आहे.

चौराई धरणाचं काय? तेच तर सगळं पाणी अडवते ना?

सगळं नाही, पण बरंच. पेंच नदीवर वर छिंदवाडा जिल्ह्यात माचागोरा इथं मध्य प्रदेशानं धरण बांधलं, इकडे त्याला चौराई म्हणतात. २०१७ च्या आसपासपासून त्यात पाणी साठायला लागलं आणि तोतलाडोहला येणारा ओघ घटला. बेकायदा म्हणावं असं त्यात नाही. करारात त्यांचा हिस्सा होताच, आधी ते तो वापरत नव्हते. आपण मात्र त्यांच्या न वापरलेल्या हिश्श्यावर नागपूर वाढवलं, उन्हाळी धान वाढवलं आणि ते पाणी आपलंच समजायला लागलो.

२०१९ च्या जुलैत याचा चटका बसला. पाऊस लांबला, तोतलाडोह मृतसाठ्यावर आलं आणि नागपूरला एक दिवसाआड पाणी द्यायची वेळ आली. शहराला पहिल्यांदाच कळलं की पेंच ही एक नदी आहे. इकडे नहर तर कोरडाच होता. त्याच वर्षी पावसाळा संपता संपता धरण भरलं आणि दारं उघडावी लागली. दोन महिन्यांत दोन टोकं.

पेपरात धरण शून्य टक्के लिहितात, पण पाणी तर दिसते?

टक्केवारी उपयुक्त साठ्याची असते. त्याच्या खाली जे पाणी उरतं तो मृतसाठा. ते दारांतून किंवा नळातून आपोआप बाहेर काढता येत नाही, कारण बाहेर पडायचं तोंडच वर असतं. अगदी अडचणीत पंप लावून उचलतात. वीज तर त्याच्या आधीच थांबते. टर्बाइनच्या नळाचं तोंड पूर्ण बुडालेलं असलं पाहिजे, नाहीतर पाण्याबरोबर हवा जाते आणि यंत्र खराब होतं.

दलघमी, टीएमसी, क्युसेक... काही समजत नाही.

साठा मोजायला दलघमी आणि टीएमसी, वाहतं पाणी मोजायला क्युसेक आणि क्युमेक. एक दलघमी म्हणजे शंभर कोटी लिटर. एक टीएमसी म्हणजे सुमारे २८.३ दलघमी. तोतलाडोहचा उपयुक्त साठा हजार दलघमीच्या आसपास. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर, दोन बादल्यांपेक्षा थोडं कमी-जास्त, तुमची बादली केवढी त्यावर. क्युमेक म्हणजे सेकंदाला हजार लिटर. बातमीत या दोघांची अदलाबदल होते आणि गावात घबराट पसरते. पस्तीस पटीचा फरक आहे, आकडा ऐकताना एकक नीट ऐका.

पावसाळ्यात दारं उघडण्यापेक्षा टर्बाइन जोरात चालवलं तर पूर टळणार नाही का?

चालवतातच. धरण भरत आलं की येणारं पाणी फुकट जाण्यापेक्षा वीज झालेली बरी, म्हणून त्या दिवसांत यंत्रं रात्रंदिवस चालू ठेवतात. पण टर्बाइनच्या नळातून जाणाऱ्या पाण्याला मर्यादा असते. वरच्याच ५० मीटरच्या हिशेबानं ८० मेगावॉटचं एक यंत्र सेकंदाला १८० घनमीटर पाणी घेईल, दोन्ही मिळून ३६०. ऐकायला मोठं वाटतं: सेकंदाला छत्तीस टँकर. पण सातपुड्यात दोन दिवस झड लागली की नदीत हजारो घनमीटर येतात. तेव्हा दारं उघडण्याशिवाय मार्ग नसतो. तोतलाडोहला चौदा दारं आहेत, नवेगाव खैरीला सोळा.

दारं उघडली की आमच्या गावात पाणी यायला किती वेळ लागते?

याचं एक उत्तर नाही आणि कोणी छातीठोकपणे सांगितलं तर विश्वास ठेवू नका. नदीत आधी किती पाणी आहे, खालचं धरण किती भरलं आहे, कन्हान आणि कोलार नद्यांना पूर आहे का, यावर ते ठरतं. पेंच पुढे खापरखेड्याजवळ बिना संगमाला कन्हानला मिळते आणि कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेला. वैनगंगा फुगलेली असली की कन्हानचं पाणी मागे सरतं आणि धरणापासून लांबच्या कुही-मौद्याच्या गावांत शिरतं. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाच्या ३३ दारांची बातमी म्हणूनच आपल्यालाही ऐकावी लागते.

२०२० च्या ऑगस्टअखेर हेच झालं. चौराईतून पाणी सुटलं, तोतलाडोह आणि नवेगाव खैरी आधीच भरलेली होती, त्यांनाही सोडावं लागलं. पारशिवनी, कामठी, मौदा, कुही तालुक्यांत काठची गावं पाण्यात गेली. तिकडे सिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवर धरणाच्या पाण्यानं भंडारा आणि पुढे गडचिरोलीपर्यंत वैनगंगाकाठ बुडवला. पुष्कळ घरांत लोकांनी फक्त ढोरं सोडली आणि अंगावरच्या कपड्यांनिशी निघाले. भरल्या धरणाचा आनंद आणि भीती एकाच आठवड्यात असते, हे तेव्हापासून आमच्याकडे कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

भोंगा वाजला, कोतवालानं दवंडी दिली किंवा ग्रामपंचायतीच्या ग्रुपवर निरोप आला की नदीतली मोटार आणि पाइप वर काढा, ढोरं नदीपलीकडे नेऊ नका. पाणी 'अजून चढलं नाही' म्हणून पाहायला पुलावर जाऊन उभं राहू नका.

आणि एक, पावसाळा नसतानाही. नदीकाठच्या घोगरा महादेवला शिवरात्रीला जातो आपण, कुवारा भिवसेनला चैत्रात. पात्र कोरडं, खडकांवर पोरं खेळतात. वरून पाणी सुटलं तर ते ढग न येता येतं. नहराची तऱ्हा आणखी वाईट. अस्तर केलेल्या उतारावर शेवाळ असतं, पाय घसरला की धरायला काही नाही, आणि वरून पाणी संथ दिसतं तिथंच ओढ जास्त असते. पोहता येणारी पोरं गेली आहेत. यावर मी वर्गात दरवर्षी बोललो, आताही बोलतो.

केंद्राजवळच्या पाण्यात करंट उतरते का?

नाही. जनित्र पाण्यापासून वेगळं, वर असतं. पाण्यात फक्त टर्बाइन. करंट उतरतो तो आपल्याच नदीकाठच्या मोटारीच्या फाटक्या केबलमधून. ती तपासा.

धरणात मासे भरपूर. मग ढिवर लोकाइले मारू काहून देत नाहीत?

कारण तोतलाडोह पेंच राष्ट्रीय उद्यानाच्या आत आहे. १९९९ मध्ये महाराष्ट्रातलं पेंच व्याघ्र प्रकल्प झालं. उद्यानाच्या आत मासेमारीला कायद्यानं जागा नाही. पण धरण झालं तेव्हा त्याच्याभोवती माणसंही आली होती: बांधकामावरची, मासेमारीवरची, आणि आधीपासून जंगलात राहणारी. पिढ्यान्‌पिढ्या नदीत जाळं टाकणाऱ्याला एके दिवशी सांगायचं की आता हा गुन्हा आहे, हे सोपं नव्हतं. मध्य प्रदेशाकडच्या विस्थापित आदिवासींना दिलेल्या ३०५ मासेमारी परवान्यांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९९७ मध्ये न्यायालयानं कडक अटी घालून ते परवाने राहू दिले, आणि त्याच वेळी या लोकांचं पुनर्वसन आधीच व्हायला हवं होतं हेही दाखवून दिलं. पुढे तोतलाडोहची वस्तीही उठवली गेली.

वाघ वाचला पाहिजे याबद्दल माझं दुमत नाही. पेंचच्या जंगलाच्या तोंडाशी असलेल्या सिल्लारीच्या जिप्सीवाल्यांचं, गाइडचं, होम स्टेवाल्यांचं पोट आज वाघावर आहे. पण जाळ्यावर पोट असलेल्यांपैकी किती जणांना जिप्सी मिळाली, हे विचारलं की सभेत शांतता होते.

केंद्र पाहायले जाता येते का? शाळेची सहल नेऊ शकतो?

सहज उठून नाही. जागा व्याघ्र प्रकल्पाच्या आत, त्यात वीज केंद्र हे संरक्षित ठिकाण. वनविभाग आणि केंद्र चालवणारी कंपनी, दोघांची लेखी परवानगी लागते. आमच्या शाळेनं एकदा अर्ज केला होता, त्याचं उत्तर अजून यायचं आहे. त्यापेक्षा नवेगाव खैरीला जा. नहराचं तोंड आणि दारं तिथं दुरून पाहता येतात, पोरांना निम्मं तिथंच समजतं.

एक गंमत सांगतो. ज्या जंगलात ही १६० मेगावॉटची यंत्रं आहेत, त्याच पेंचला २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. रात्रीचं आकाश काळं राहावं म्हणून सिल्लारी, पिपरिया, खापा अशा गावांतले रस्त्यावरचे दिवे बदलून खाली तोंड करणारे लावले. वीज तयार होते त्या रानात आता ताऱ्यांसाठी अंधार जपतात. लोडशेडिंगच्या काळात आम्ही अंगणात बाजेवर पडून तो फुकट पाहत होतो.

एवढीशी वीज, मग हे जुनं केंद्र ठेवता तरी कशाले?

कारण ते लगेच चालू होतं. कोळशाचा थंड पडलेला संच पुन्हा पेटवून जाळ्यावर आणायला कित्येक तास जातात. पाण्याचं यंत्र काही मिनिटांत. संध्याकाळी सात वाजता सौर वीज संपते आणि घराघरांत दिवे, कूलर, मिक्सर एकदम सुरू होतात, तेव्हा अशी यंत्रं हात देतात. सौर जितकं वाढेल तितकी ही गरज वाढेल. शिवाय कोळसा लागत नाही, राख नाही. खापरखेडा-कोराडीच्या राखेशेजारी राहणाऱ्याला त्याचं मोल वेगळं सांगायला नको. धरण, नळ, इमारत यांचा खर्च कधीचा झाला. आता देखभाल करत राहायचं, मधूनमधून पाती आणि वेटोळी बदलायची.

आज धरणात किती पाणी आहे, कुठं कळेल?

जलसंपदा विभाग धरणांचा साठा रोज काढतो. पावसाळ्यात नागपूरच्या पेपरांत तो कोपऱ्यात छापून येतो. पाळी ठरवायच्या दिवसांत शाखा कार्यालयात फळ्यावर लिहितात, आणि पाणी वापर संस्थेच्या सचिवाकडे असतोच. फक्त तोतलाडोहचा आकडा पाहून उन्हाळी धानाचे पऱ्हे टाकू नका. चौराईचा आणि नवेगाव खैरीचाही पाहा. तिन्ही एका कागदावर लिहा आणि मागच्या वर्षीच्या त्याच तारखेशी ताडा. मी दर पंधरा ऑक्टोबरला हे करतो. २०१९ च्या आधीची पानं त्या वहीत नाहीत, तेव्हा गरज वाटली नव्हती.